शेपटाचा मान

या, असे इकडे बसा, वारा लागेल. चहा सांगितलाय, येईल. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो, एका पाववाल्यानं दोन खंडांचा नाच आपल्या दोन पंजांत कसा धरून ठेवला त्याची. त्याला स्वतःला विचारलंत तर तोही सांगेल, पण तो पीठ फुगवतो तशी गोष्टही फुगवतो. आणि खरं म्हणाल तर गोष्ट त्याची नाहीच, त्याच्या वहिनीची आहे.

वहिनी म्हणायला तो एकटाच. बाकी सगळे तिला मावशी म्हणतात. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात ती चादरींना इस्त्री करते. दिवसाला दोनशे चादरी, त्यामुळे हात असे की नुसता पाठीवर ठेवला तरी माणूस सरळ उभा राहतो. तिची माणसं मूळची डोंगरातली, बाकी सगळे यायच्या आधीपासून तिथं राहणारी. आजोबांच्या वेळेला पोटासाठी शहरात उतरली. येताना भांडीकुंडी फारशी आणली नाहीत, पण नाच आणला.

तो नाच ओळीचा. सगळ्यांनी हातात हात धरायचा आणि सरकायचं. आता तुम्हाला वाटेल, मान पुढच्याला असणार. नाही. मान शेपटाला. शेपूट म्हणजे ओळीतला अगदी शेवटचा माणूस. पाऊल तो ठरवतो. त्यानं शेजारच्याचा हात एकदा दाबला की डावीकडे सरकायचं, दोनदा दाबला की उडी. तो दाब हातातून हातात जात जात पुढच्या टोकाला पोचतो. पुढचा माणूस नुसता तोंडदेखला. तिथं उभं करतात नव्या सुनेला, नाहीतर ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याला. पुढे असला म्हणजे सगळ्यांची नजर राहते त्याच्यावर.

मावशी एकतीस वर्षं शेपूट होती. दोन बाळंतपणं आणि एक मोडलेला अंगठा, एवढ्यातही तिनं ती जागा कोणाला दिली नाही. पण गुडघा बोलायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, अजून एखादं वर्ष नाचून घ्या, मग खुर्ची. हे तिनं फक्त दिराला, म्हणजे त्या पाववाल्याला, सांगितलं आणि त्याला शपथ घातली. आणि त्यांच्यात एक नियम आहे, तो लक्षात ठेवा. लोकांसमोर ओळ तुटली, म्हणजे एकाचा जरी हात सुटला, तर पुढं वर्षभर तो नाच नाचायचा नाही. म्हणजे मावशीकडं शिल्लक एकच वर्ष, आणि ते कोणाच्याही घामेजल्या बोटांतून निसटू शकत होतं.

अशात नाचाचा मेळा भरायचा ठरला. समुद्रापलीकडच्या दुसऱ्या खंडातून, तिथल्या मूळच्या लोकांचे नऊ नाचणारे आले. शाळेच्या व्यायामशाळेत पाच दिवस दोघांनी मिळून बसवायचं आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी लोकांसमोर नाचायचं. पाहुण्यांचा म्होरक्या दाराएवढा रुंद, पांढरी वेणी पाठीवर. तिकडं तो सत्तावीस वर्षं बस चालवत होता, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायला लागले. बोलणं इकडून तिकडं पोचवायला एक निवृत्त शिक्षिका होत्या, दुभाषीबाई. त्यांना बारमाही सर्दी, पण शब्दाला शब्द चोख.

पहिल्याच दिवशी मावशीनं जे केलं त्यानं तिच्या लोकांच्या छातीत धस्स झालं. तिनं ड्रायव्हरचा हात धरला आणि त्याला नेऊन शेपटाला उभं केलं. पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, ही तिची रीत. दिरानं हळूच विचारलं, वहिनी, ताप-बिप आहे का? ती म्हणाली, तू गप्प उभा राहा, तेवढं जमलं तरी पुष्कळ.

इकडं ड्रायव्हरचा चेहरा उतरला. कारण त्यांच्याकडंही नाच ओळीचाच, पण सगळा उलटा. त्यांच्यात पुढचा हिसका देतो आणि तो मागं मागं जातो. शेवटची जागा चुकलेल्या माणसाची. कोणी उशिरा आला, कोणी शब्द मोडला, त्यानं माफी मिळेपर्यंत मान खाली घालून शेवटी उभं राहायचं. आणि काय चुकलं ते विचारायचं नाही, आपलं आपण शोधायचं.

तरी त्यानं मनाचा मोठेपणा दाखवला. त्यांच्या नाचाची पाळी आली तेव्हा मावशीला वाकून पुढं बोलावलं आणि पहिल्या जागेवर उभं केलं. अठ्ठावन्न वर्षांची, तीन नातवंडांची बाई, आणि उभी नव्या सुनेच्या जागेवर. दीर हसून हसून खाली बसला. म्हणाला, लाजू नका वहिनी, पहिले काही दिवस सगळ्यांनाच अवघड जातात. मावशीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठला आणि उगाच बुटाची नाडी बांधायला लागला. त्या दिवशी तो अनवाणी होता.

आता दोघंही वळणाची माणसं. घरी आलेल्याला टोचून बोलायचं नाही, ही हिची शिस्त. यजमानाला जाब विचारायचा नाही, ही त्याची. त्यामुळं दोघंही तोंड मिटून आत फुगत राहिले.

ड्रायव्हर आपली चूक शोधायला लागला. दुसऱ्या दिवशी तासभर आधी येऊन त्यानं व्यायामशाळा झाडून काढली. तिसऱ्या दिवशी दाराची कुरकुरणारी बिजागरी दुरुस्त केली, मावशीला पिशवीभर संत्री आणली आणि ती नको-नको म्हणत असताना तिची पर्स बस थांब्यापर्यंत वाहून नेली. मावशीला वाटलं, हा माणूस आहे तरी कसा. शेपूट दिलं, त्याच्यावर आणि काय पाहिजे याला? जाऊबाईंजवळ तिनं बोलूनही दाखवलं, की आता बहुतेक माझी इस्त्री मागणार.

पण शेपटाला मान खाली घालून उभा राहिलेला माणूस हात कशाला दाबतोय? आणि शेपटाला शिकवायचं म्हणजे अपमान, म्हणून त्याला कोणी सांगितलंही नाही. दाब येईना. बाकीचे आपले वाट बघत उभे, मग कोणी घाई करून सरकायचा, कोणी मागं राहायचा. चौथ्या दिवशी सकाळी ओळ तीनदा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मावशी चप्पल घालून कामावर निघून गेली. तिच्या मनात एकच हिशेब. हे उद्या झालं, तर संपलं माझं.

दुपारी तळघरात वाफेत ती चादरी दाबत होती, तर दारात ड्रायव्हर आणि मागं नाक पुसत दुभाषीबाई. ड्रायव्हर सरळ आत आला. त्यानं टोपलीतली चादर घेतली आणि दोन कोपरे तिच्या हातात दिले. मोठी चादर एकट्याला नीट घडी होत नाही, हे त्यालाही ठाऊक. दोघांनी ताणून धरली, जवळ आले, कोपरे जुळवले, लांब गेले. अशा सहा-सात झाल्या. मग तो म्हणाला, आणि दुभाषीबाईंनी शिंका आवरत सांगितलं,

"चार दिवस शोधतोय, बाई. माझी चूक सापडत नाही. रीत मोडून विचारतो, तुम्हीच सांगा."

मावशीच्या हातात चादर तशीच राहिली. "कसली चूक? एकतीस वर्षं जी जागा बहिणीला दिली नाही, ती काढून तुला दिली. आणि तू मान खाली घालून उभा."

मग एकेक उलगडत गेलं. शेवटची जागा त्यांच्यात कोणाची, हे ऐकून मावशीनं कपाळावर हात मारला. पहिली जागा हिच्यात कोणाची, हे ऐकून ड्रायव्हरला असं हसू फुटलं की तो धुण्याच्या टोपलीवर बसला, आणि टोपली मोडली. मुकादम धावत आला, तर परदेशी पाहुणा मळक्या उशांच्या खोळांत रुतलेला आणि दोन बायका त्याला ओढतायत.

तोडगा मिनिटात निघाला. ड्रायव्हर म्हणाला, बसमध्ये मी पुढं असतो आणि कंडक्टर मागं, आमचं कधी भांडण झालं नाही. तर तो पुढं, मावशी मागं, जो तो आपल्या मानाच्या जागी. पहिला अर्धा नाच त्याच्या हिसक्यावर, दुसरा अर्धा हिच्या दाबावर. मध्ये दोन्हीकडची माणसं जिथं जुळतात तिथं दिराला ठेवायचं ठरलं. तिथं त्याच्यानं काही बिघडायचं नाही, असं मावशीच म्हणाली.

पाचवा दिवस. लोक खच्चून भरलेले. ढोल सुरू झाला. ड्रायव्हरनं हिसका दिला आणि ओळ निघाली अशी सुरेख, की पुढच्या रांगेतल्या माणसांचे पाय हलायला लागले. दोन फेऱ्या झाल्या. आणि मावशीच्या हातानं घात केला. तिच्या मनात काही नव्हतं हो. पण एकतीस वर्षांचा हात, ढोल वाजला की दाबणारच. दाबला. तिचे लोक डावीकडे सरकले, पाहुणे हिसक्याबरोबर उजवीकडे, आणि मध्ये दीर. एक हात इकडं, एक हात तिकडं, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा.

टोकावरून मावशीला सगळं दिसलं. दिराची बोटं पाहुण्याच्या हातातून एकेक पेर निसटत होती. आता पुन्हा दाबून आपल्या लोकांना मागं वळवायला वेळ नव्हता. तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. हात सैल सोडला. नुसता धरून ठेवला, दाब नाही, ओढ नाही, काही नाही. गंमत बघा, त्याच क्षणी पुढं ड्रायव्हरनंही ब्रेक मारला. त्यालाही वाटलं, आता ओढलं तर गेलं.

झालं, ओळ थांबली. ढोल वाजतोय आणि वीस माणसं हातात हात घालून उभी, हुकमाची वाट बघत. पुढून काही येईना, मागून काही येईना.

दिराला घाम फुटला. घाबरला की त्याचं अंग एकच काम करतं, रोज करतं तेच. कणीक मळायचं. भार एका पायावर टाकायचा, टाचेनं दाबायचं, मग दुसऱ्यावर, मग कमरेतून पुढं झुकून मागं यायचं. ते त्यानं सुरू केलं. त्याच्या दोन्ही हातांतून ते दोन्हीकडं गेलं. इकडचे झुकले, तिकडचे झुकले. मावशीपर्यंत पोचलं तेव्हा तिनं एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकलं. तिकडं ड्रायव्हरची वेणी डुलायला लागली. शेवटपर्यंत सगळी ओळ कणीक मळत होती, आणि लोकांना वाटलं असेल की हाच तो प्राचीन नाच. टाळ्या थांबेनात. एकही हात सुटला नाही.

मावशीला तिचं वर्ष मिळालं. पडद्यामागं तिनं दिराचे दोन्ही पंजे हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "नखं काप." तो अजून सांगतो की वहिनीनं कौतुक केलं.

आता पाहुण्यांनी यांना तिकडं बोलावलंय, पुढच्या महिन्यात. गुडघ्याला पट्टा घेऊन झाला, पिशवी भरून झाली. अडलंय एकाच ठिकाणी. ड्रायव्हर म्हणतो, मधला माणूस असल्याशिवाय नाच होणार नाही, आता तोच मान मोठा. आणि दिराचा बेकरीवाला मालक तीन आठवड्यांची सुट्टी देत नाही म्हणजे नाहीच. मावशीनं सांगून ठेवलंय, मधल्या जागेला माणूस बघा. नाच येत नसला तरी चालेल, पकड घट्ट पाहिजे आणि घाई नको.

तुम्ही आल्यापासून छत्री कशी धरून बसलात, ते बघतोय. ती जरा खाली ठेवा, आणि दोन्ही हात द्या बघू इकडं.