बिननावाची दारू

मित्रांनो, मी दारूचे एक जुने माप आहे. हसलात ना? हसा खुशाल. मी गुत्त्यातले नव्हे, बंदुकीच्या दारूचे माप. मिशिगनच्या उत्तर टोकाला, लोखंडाच्या खाणींच्या गावात, रेइनो कांगासच्या तळघरातल्या जाड लाकडी टेबलाला मला पेचांनी आवळून बसवले आहे. माझे अंग बिडाचे, रंग हिरवा. पोट मात्र डोक्यावर! आरपार दिसणारी एक उंच नळी, तेच माझे पोट. कुशीला एक दांडा. तो वर करून खाली आणला की ठरल्याइतकी दारू खाली धरलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत पडते. खोटे वाटत असेल तर काट्यावर ताडून पाहा. रेइनो नेहमी ताडायचा आणि मग माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायचा, "शाब्बास, हिरव्या!"

मला या घरात आणले ते त्याच्या बायकोने, एल्माने, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाची भेट म्हणून. रेइनोच्या धाकट्या भावाला, वायनोला, हसू आवरेना.

"लोकांच्या बायका नवऱ्याला टाय देतात वहिनी, तुम्ही लोखंड दिलंत?"

"तळघरात असले म्हणजे निदान घरात तरी असतात, भावोजी," एल्मा म्हणाली. "तुमची हेल्मी बघा, तुम्हाला गावभर शोधत फिरते."

रेइनोला दुकानातली काडतुसे आवडत नसत. "तो आयता सदरा झाला," तो म्हणे, "कुणालाही होतो आणि कुणालाच नीट बसत नाही. माझ्या रायफलीला मापाचा शिवलेला लागतो." म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या तो वेचून आणी, धुऊन लख्ख करी, दाबून पुन्हा आकारात आणी आणि बुडाशी नवी टिकली बसवी. मग माझी पाळी. माझ्यानंतर तोंडाशी गोळी बसली की काडतूस तयार. एकच पुंगळी किती मोसम माझ्या तोंडाखाली येऊन जाई! क्लबाच्या नेमबाजीत रेइनो पहिला आला की लोक त्याची पाठ थोपटत. माझी नाही थोपटत. पण मला ठाऊक होते ना!

रेइनोचा एक नियम होता. माझ्या पोटात दारू असेतोवर तिचा डबा माझ्या शेजारीच उभा राहायचा आणि दुसरा कुठलाही डबा टेबलावर यायचा नाही. कारण दारू एका जातीची नसते. पिस्तुलाची झटकन भडकते, रायफलीची सावकाश जळते, आणि दिसायला दोन्ही काळपट बारीक दाणेच. रायफलीत चुकून पिस्तुलाची गेली तर बंदूक हातातच फुटते.

त्याची लेक आयली दहा वर्षांची असताना मदत करायला म्हणून आली आणि माझ्या पोटातली उरलेली दारू तिने भलत्याच डब्यात ओतली. डबा नवाकोरा, काठोकाठ भरलेला. रेइनो ओरडला नाही. त्याने तो डबा उचलला, पोरीचा हात धरला आणि अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भिंतीलगत रुबार्बच्या झुडपांत सगळी दारू विस्कटून टाकली. झाडांना ती खतासारखी मानवते.

"महाग पडलं ना हो, बाबा?" आयलीने रडवेल्या आवाजात विचारले.

"डोळ्यांपेक्षा स्वस्त," रेइनो म्हणाला. "नाव ठाऊक नसलेली दारू बंदुकीत जात नाही. कुणी का भरली असेना."

त्या वर्षी रुबार्बला अळूएवढी पाने आली. एल्मा त्याच्या आंबट देठांचे 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या जाड पोळ्या, करून करून थकली आणि शेजारी खाऊन खाऊन थकले. पुढे एल्मा गेली, आयली शाळेची बस चालवायला दूरच्या शहरात गेली, आणि तळघरात आम्ही दोघेच राहिलो.

आता ऐका. यंदाच्या सप्टेंबरात रेइनोने हरणांच्या मोसमासाठी रायफलीच्या पुंगळ्या तयार करून टेबलावर ओळीत उभ्या केल्या. पण आधी क्लबाची पिस्तुलाची काडतुसे उरकावीत म्हणून माझ्या पोटात त्याने पिस्तुलाची दारू ओतली. डबा शेजारी ठेवला, पिस्तुलाच्या पुंगळ्यांचा ढीग पुढ्यात घेतला. दांड्याला हात घालणार तोच त्याने छाती धरली. कसाबसा जिना चढून गेला, तो परत खाली आला नाही.

अंत्यविधीच्या दिवशी घरी कॉफीला माणसे येणार म्हणून वायनोच्या बायकोने, हेल्मीने, घर लखलखीत केले. बाई मोठी टापटिपीची. तिने रेइनोचा उष्टा कप विसळला, ढिगातल्या पिस्तुलाच्या पुंगळ्या खोक्यात भरल्या, ओळीतल्या रायफलीच्या तशाच ठेवल्या आणि माझ्या शेजारचा डबा उचलून फळीवरच्या डब्यांत ओळीने लावून टाकला. माझ्या पोटाकडे तिचे लक्षच गेले नाही. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने दांड्याला जाळे बांधले. टिचकी मारायला कुणी नव्हते. मला फार एकटे वाटले.

नोव्हेंबरात मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आयली आली. बापाची रायफल घेऊन ती रानातल्या खोपटावर जाणार होती. वायनो तिच्यासोबत तळघरात उतरला आणि त्याने माझ्या भरल्या नळीकडे बोट दाखवले.

"अगं पोरी, हे बघ! दादाने भरून ठेवलंय. पुंगळ्याही मांडून ठेवल्यात. शेवटचं त्याच्या हातचं. उद्या ह्याचाच बार काढायचा."

आयलीचे डोळे भरले. माझ्या नळीवर बापाच्या बोटांचे ठसे अजून होते, त्यांवर तिने आपली बोटे ठेवली. मग जाळे पुसले, एक पुंगळी उचलली आणि माझ्या तोंडाखाली धरली.

मित्रांनो, मला जीभ असती तर मी किंचाळलो असतो! ती रायफल आयली गालाशी लावणार होती. आणि माझे काम असे की दांडा फिरला की माप टाकायचे. मला नाही म्हणता येत नाही.

दांडा वर गेला. अर्ध्यावर थांबला.

"काका, डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"ह्या दारूचा. ह्याच्या पोटात दारू असली की डबा शेजारी असतो."

"असेल फळीवर! हरणांच्या पुंगळ्या पुढ्यात मांडल्यात, मग दारू काय सशांची असेल?"

आयलीने जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "काकू! इथला डबा तुम्ही उचललात का?"

"हो गं, छान ओळीत लावलाय बघ!" वरून हेल्मीचा आवाज आला.

"कुठला होता तो?"

"काळा!"

फळीवरचे सगळेच डबे काळे होते. आयलीने पुंगळी खाली ठेवली.

"रंग बघ, वास घे," वायनो म्हणाला. "मी सांगतो ना, हरणांचीच आहे."

"वासाने कॉफी ओळखावी काका, दारू नाही."

"बापाच्या हातावर भरवसा नाही तुझा?"

ते तिला लागले. चेहराच उतरला तिचा. "हातावर आहे," ती म्हणाली. "पण त्याच हाताने मला रुबार्बपाशी नेलं होतं."

तिने माझे पेच सोडवले आणि मला कडेवर घेऊन अंगणात आली. बर्फ भुरभुरत होते. सौनाच्या भिंतीलगत तिने मला उपडे केले आणि रेइनोच्या हातची शेवटची दारू जमिनीवर विस्कटली. ती हमसून हमसून रडत होती. वायनो दारातून पाहत राहिला आणि हेल्मीने केलेल्या पास्टीला, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीला, न शिवता घरी निघून गेला.

मग आयलीने मला पुसून पुन्हा जागेवर आवळले. फळीवरून रायफलीच्या दारूचा डबा आणला, मोठ्याने नाव वाचले आणि माझ्या शेजारी ठेवला. तिचे पहिले माप मी काट्यावर अचूक उतरवून दिले. तिने माझ्या डोक्यावर टिचकी मारली. तेव्हा मला जे वाटले, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी एकाच बारात हरीण पडले. मांसातला पुढचा सबंध फरा तिने वायनोच्या घरी पोचवला. त्याने तो उंबऱ्यावरच घेतला आणि दार लावून टाकले.

जूनमध्ये रुबार्ब पुन्हा अळूएवढा झाला. हेल्मीने त्याचा गोड 'पाय' भाजला. वायनोने एक तुकडा खाल्ला, दुसरा मागितला आणि म्हणाला, "दादाच्या हातचं शेवटचं. वाया नाही गेलं हं, पोरी." आयली हसली. दोन्ही डोळ्यांनी हसली.

त्या दारूचे खरे नाव त्यांना अजून ठाऊक नाही. फक्त मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला. मित्रांनो, तुमच्या घरात औषधाची बाटली असो की रॉकेलचा डबा, त्याचे नाव त्याच्यापासून तोडू नका. आणि नाव तुटलेच, तर ज्याने भरून ठेवले त्याच्या प्रेमाखातर ते वापरू नका. आयुष्यभर मी हजारो मापे बिनचूक टाकली, त्यांचा मला अभिमान आहेच. पण छाती फुगते ती आयलीने पडू न दिलेल्या त्या एका मापाने.