चार बोटं वर

पुतणीच्या पत्राला पाच आठवडे मी उत्तर दिलं नव्हतं. ती शाळेत खेळाची शिक्षिका. फोनवर काका नुसतं 'बघू' म्हणतात हे तिला ठाऊक, म्हणून पत्र. तिला दर शनिवारी लहान मुलांना फुटसाल, म्हणजे सभागृहातला पाच-पाच जणांचा फुटबॉल, शिकवायचं होतं. पण सोबत दुसरं मोठं माणूस असल्याशिवाय शाळा सभागृह देणार नव्हती, आणि त्या माणसाने मुख्याध्यापिकांना तसं लिहून द्यायला हवं होतं. पत्रासोबत खेळाच्या नियमांची पुस्तिका आणि शाळेचा पत्ता घालून तिकीट लावलेलं पाकीटही होतं.

मी सात मसुदे केले. छापखान्यात छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर स्वतःचं एक वाक्य धड वाटत नाही. शिवाय जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता.

शेवटी शनिवारी सकाळी ती दारातच उभी. "काका, बुधवारपर्यंत पत्र पोचलं नाही तर सभागृह नाचाच्या वर्गाला जाणार. हो म्हणा असं मी म्हणत नाही. आज नुसते येऊन उभे राहा."

"मला नियम कुठे येतात?"

"नियमांची पुस्तिका महिनाभर उशाशी घेऊन झोपताय. काकूने सांगितलंय."

घरचाच भेदी. मी पाकीट आणि पुस्तिका खिशात घालून निघालो.

सभागृहात दहा मुलं होती. दात पडलेल्या एका चिमुरडीने चेंडू जमिनीवर आपटला. तो जेमतेम घोट्यापर्यंत उसळला.

"आजोबा, यात हवा भरायची राहिली."

"नाही गं, फुटसालचा चेंडू असाच असतो. जड. पायापाशी राहतो."

"माझ्या दादासारखा. ढकलल्याशिवाय हलत नाही."

पुतणीने माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो रेषेवर ठेवून पायाने आत मारायचा, तोही चार सेकंदांत. मी बोटं वर करून मोजायचं. चार झाले तरी मारला नाही, तर चेंडू दुसऱ्या संघाला.

खेळ सुरू झाला आणि दहाच्या दहा जण गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे चेंडूला चिकटले, दोन्ही गोलरक्षकांसकट. चेंडू बाहेर आला. जाड भिंगांचा एक मुलगा, सगळे त्याला प्रोफेसर म्हणत, तो मारायला उभा राहिला आणि विचारात पडला. मी एक बोट वर केलं. खरंच सेकंद झाला का? दुसरं केलं. की घाई झाली?

"आजोबा, हे सेकंद आहेत की उन्हाळ्याची सुट्टी?" चिमुरडीने विचारलं. सगळे लोळून हसले. माझे कान तापले. मी उरलेली दोन बोटं एकदम उघडली आणि शिट्टी फुंकली. किटलीसारखा आवाज आला.

"चेंडू निळ्यांचा."

"पण माझं अजून ठरलं नव्हतं," प्रोफेसर म्हणाला.

मला त्याचं इतकं पटलं की चेंडू परतच देणार होतो. "नाही ठरलं तरी मारायचा," मी म्हणालो.

"आणि चुकला तर?"

"तर पुढचा मारायचा."

पुढच्या वेळी त्याने दुसऱ्या बोटालाच डोळे मिटून लाथ घातली. चेंडू माझ्या नडगीवर आदळला आणि थेट जाळ्यात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गोल," मी म्हणालो. काय झालं कोण जाणे, दोन्ही संघ नाचायला लागले. माझ्या हातांना धरून दोघं लोंबकळली, आणि मीही गरगर फिरलो, चष्मा घसरेपर्यंत.

खेळ संपल्यावर बाकावर बसून पुस्तिका उघडली. पंचाला लागून थेट जाळ्यात गेला तर गोल धरत नाहीत. पण सांगणं भागच होतं.

"तो गोल नव्हता. चूक माझी."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "हरकत नाही," प्रोफेसर म्हणाला. "पुढच्या शनिवारी मी खराखुरा मारतो. तुम्ही मोजायला याल ना?"

पुतणी पाठमोरी उभी राहून जाळी गुंडाळत होती. गुंडाळून झालेली जाळी तिने उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

मी प्रोफेसरकडून वहीचं पान मागून घेतलं. 'दर शनिवारी येईन. नियम अजून शिकतो आहे.' खाली सही. पाकीट चिकटवून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. मागे दहा जणांची वरात. पाकीट आत पडल्यावर आठवलं, तारीख घालायची राहिली. राहू दे.