घळीतला वारा

हुल्लगुड्ड्याबद्दल काही विचारायचं झालं, की बावीस वर्षं लोक बिंदुमाधवांकडे येत. बंगळूरच्या दक्षिणेला दीड तासावरची ती खडकाळ टेकडी, उतारांवरचं खैर-हिवराचं काटेरी रान आणि दर उन्हाळ्यात तिथे लागणारे वणवे, हा त्यांचा विषय. बंगळूरमधल्या त्यांच्या मल्लेश्वरमच्या संस्थेत सगळे त्यांना अण्णा म्हणत. मग पुण्याहून कस्तुरी आली आणि चार महिन्यांत लोक तिच्याकडे जायला लागले.

ती कामसू होती, हेच त्यांना सोसवेना. उर्मट असती, कामचुकार असती, तरी चाललं असतं. जे सांगायला यांना दोन वर्षं पायपीट करावी लागली होती, ते तिने उपग्रहाच्या चित्रांवरून एका दुपारी पडद्यावर दाखवलं. वर नम्रपणे म्हणाली, "सर, तुमच्या नोंदींशी अगदी जुळतंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिंदुमाधवांनीही वाजवल्या. त्या दिवशी बसवनगुडीच्या घरी जेवताना पत्नी नीरजाबाईंनी विचारलं, "भाजीत मीठच घालायचं राहिलंय. कळलं नाही का तुम्हाला?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

जानेवारीत जाळरेषांची बैठक झाली. उतारावरचं कुसळी गवत वाळलं, की त्याचे अरुंद पट्टे सकाळच्या गारव्यात मुद्दाम जाळून टाकायचे. पुढे वणवा आलाच, तर तो त्या काळ्या पट्ट्यापाशी अडतो. यंदा ते काम संस्थेचे प्रमुख रविकिरण यांनी कस्तुरीवर सोपवलं होतं. पश्चिमेच्या घळीलगतचा पट्टा तिने साडेअकरापर्यंत जाळायचं ठरवलं होतं.

बिंदुमाधवांच्या अगदी ओठांवर आलं होतं. टेकडीभर वारा पूर्वेचा असतो; पण त्या घळीत खडक तापला, की दहानंतर तो उलटतो आणि खालून वर ओढला जातो. हे कुठल्या चित्रात दिसत नाही.

"सर, काही सुचवायचंय?" कस्तुरीने विचारलं.

"छे. सगळं सरी आहे, ठीक आहे," ते म्हणाले.

ठरल्या दिवशी दहापर्यंत काम सुरळीत चाललं. बिंदुमाधव एका खडकावर उभे राहून धुराकडे बघत होते. सव्वादहाला धूर सरळ उभा राहिला, मग टेकडीच्या माथ्याकडे झुकला. हाक मारायला वेळ होता. पण एक श्वासभर त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात आग घळीतल्या घाणेरीच्या झुडपांत शिरली. गवताची आग गुडघाभर. ती खैराची साल करपवून पुढे निघून जाते. घाणेरीचं वाळकं जाळं मात्र पुरुषभर उंच पेटतं आणि झाडाचं खोड आतून भाजून काढतं. कस्तुरी आणि वनराखा नरसिंह आगीच्या वरच्या अंगाला होते, आणि जीव वाचवायला आणखी वर पळत होते.

"वर नको! काळ्यावर या!" बिंदुमाधव कानडीत ओरडत धावले. "नरसिंहा, जळलेल्या पट्ट्यात ये!"

नरसिंहाने कस्तुरीचा दंड धरून तिला आडवं ओढत काळ्या पट्ट्यात आणलं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वणवा अर्ध्या तासाने वरच्या उघड्या कातळावर आपोआप विझला.

"सर, तुम्ही हाक मारली नसती तर..." कस्तुरी म्हणाली. "चूक माझी आहे. अहवालात मी तसंच लिहिणार." रविकिरणांनी बिंदुमाधवांच्या पाठीवर थाप मारली. किती महिने या थापेसाठी ते झुरले होते! आता ती अंगाला लागेना.

दुसऱ्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी गेले. "वारा उलटणार हे मला माहीत होतं."

तिने वर बघितलं. "मी विचारलं तेव्हाही?"

"हो. तू चुकायला हवी होतीस मला."

तिने समोरचा अहवाल बाजूला सारला. मग म्हणाली, "नरसिंहाला सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा."

नरसिंहाने बँडेजातला हात मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं. तो रागावला नाही, की 'जाऊ दे अण्णा' असंही म्हणाला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मेपर्यंत माझी गस्त कोण घालणार?"

बिंदुमाधवांनी घातली. एकसष्टाव्या वर्षी, रोज सकाळी सहापासून. रविकिरणांना त्यांनी सगळं लेखी कळवलं. तेव्हापासून बैठकांना त्यांना बोलावणं येईना. घळीतले एक्केचाळीस खैर त्यांनी एकेक करून तपासले. सतरा मेले होते. उरलेल्यांना मार्चमध्ये बुडाशी फुटवे आले.

एप्रिलमध्ये कस्तुरी घाणेरी उपटायला माणसं घेऊन वर आली. कामापुरतंच बोलायची ती. म्हणाली, "आणखी तीन टेकड्यांचा आराखडा मलाच करायला सांगितलाय."

छातीत ती ओळखीची कळ आली. गेली नव्हतीच ती कुठे.

"छान," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खालच्या वळणावर आज माणसं घालू नकोस. जाळीत आग्या मोहोळ आहे."

तिने माणसांना हाक मारून दुसऱ्या बाजूला वळवलं. बिंदुमाधव घोटभर पाणी प्याले आणि उरलेली गस्त पुरी करायला उतार चढू लागले.