हरकत : एक

गिरणीमालकाने गाव वसवलं ते फूटपट्टी लावून. एकशेवीस घरं, सगळी एका मापाची, आणि मागांच्या शेडला अगदी चिकटून. कामगाराला उशीर होऊ नये, हा त्यामागचा थोर विचार! झालं असं की, तिन्ही पाळ्यांचे माग घराघरांत खडखडू लागले. घसा फोडूनही काही ऐकू जाईना, तेव्हा माणसं नुसते ओठ हलवून बोलू लागली. लग्नं जुळली ती ओठांनी, भांडणं झाली तीही ओठांनी. पुढे गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले. सवय तेवढी कोणी भंगारात घेतली नाही.

कांडीमावशीने गिरणीत एकेचाळीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. तिच्या खिडकीसमोर जावेची खिडकी होती आणि दोघी दिवसभर आवाज न काढता गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. गाव पाडायचा सरकारी कागद आला, तेव्हा मावशीचा जीव टांगणीला लागला. जाऊ गेली, तर आपण बोलायचं कोणाशी?

सुनावणीला साहेब वाचनालयात बसला. "गाव पाडायला कोणाची हरकत?"

अख्खं गाव तुटून पडलं. मावशीचा नवरा, म्हणजे गिरणीतला जुना मुकादम, ज्याला सगळे जॉबर म्हणत, मुठी उगारून बोलत होता. जावेने साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आवाज होता तो फक्त पंख्याचा.

साहेब मान खाली घालून लिहू लागला. मावशी पहिल्या रांगेत होती. तिने वाचलं, 'हरकत : नाही', आणि ती ताडकन उठली.

"माझी हरकत आहे!" ती ओरडली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

साहेब दचकला. गाव त्याहून जास्त दचकलं.

"ओरडतेस काय?" जॉबरचे ओठ रागाने थरथरत होते. "साहेब काय बहिरा आहे?"

"अहो, त्याला काहीच ऐकू जात नाहीये! सगळ्यांनी आवाज काढा!"

"चार लोकांत शोभतं का हे?" जाऊ म्हणाली. तीही ओठांनीच.

साहेबाने 'नाही' खोडून 'एक' लिहिलं. नियमाप्रमाणे हरकत घेणाऱ्याचं घर वगळलं आणि बाकीची एकशेएकोणीस पाडली.

जॉबर अजून रुसलेलाच आहे. भिंतीकडे तोंड करून बसतो, म्हणजे बोलणंच खुंटलं. खिडकीबाहेर सपाट मैदान आहे. मावशी रोज तिथे उभी राहून जावेला मोठ्याने हाका मारते. आवाज आता चांगला मोकळा झालाय.