जाहिरातीतली आई

सिनेमातली दत्तक पोरगी पहिल्या अर्ध्या तासातच घरातलं मांजर मारते, मग शेजारीण, मग पियानो शिकवायला येणारा मास्तर. तिचे आईबाप मात्र शेवटपर्यंत म्हणत राहतात की बिचारी अजून घराला रुळतेय. त्या दोघांचा कामधंदा काय, हे कळत नाही. पण घर बारा खोल्यांचं आहे आणि सुऱ्यांच्या खणाला कुलूप लावावं हे एकालाही सुचत नाही. अशा माणसांना खरं तर ते मांजरसुद्धा कुणी पाळायला द्यायला नको होतं.

हा परभाषेतला सिनेमा मराठीत आणायचं काम चाललं होतं आणि त्या सैतान पोरीला आवाज द्यायचा होता बाळताईने. बाळताई म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, जिना चढताना मध्ये एकदा थांबून जिन्यालाच शिव्या घालणारी बाई. पण माइकसमोर उभी राहिली की तिच्या गळ्यातून कुठलंही पोर बाहेर पडायचं. हट्टी पोर, तापाने फणफणलेलं पोर, राजपुत्र, उंदराचं पिल्लू. म्हणून स्टुडिओत तिचं नाव बाळताई. जाहिरातींमधल्या आयांचीही मक्तेदारी तिच्याकडेच होती. साबण, दुधात घालायची पावडर, खोकल्याचं औषध, सगळीकडे मायेने ओथंबणारी आई तीच. त्यातली एकही वस्तू ती स्वतःच्या घरात येऊ देत नसे, ती गोष्ट वेगळी.

खरीखुरी आई ती अलीकडेच झाली होती. तिने आणि नवऱ्याने नऊ वर्षांची मुलगी दत्तक घेतली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बोलायचा कमी. मुलगी चालताना पावलांचा आवाज होत नाही म्हणून तो तिला मुंगी म्हणायला लागला आणि तेच नाव पडलं. मुंगी वाईट नव्हती, हीच खरी पंचाईत होती. वाढलेलं मुकाट्याने संपवायची, ताट धुऊन ठेवायची, काही हवं का विचारलं तर नको म्हणायची. किती गुणी पोर मिळाली हो, असं शेजारी म्हणाले की बाळताई घाईघाईने विषय बदलायची.

कारण मुंगी याआधी एका घरात राहून आली होती. त्या लोकांनी तिला काही महिने ठेवलं आणि मग जमत नाही म्हणून संस्थेत परत आणून सोडलं. पोर इतकी शहाण्यासारखी वागते ती परतीच्या भीतीने, एवढं बाळताईला कळत होतं. तुला आता कुणीही कुठे पाठवणार नाही, असं ती मुंगीला रोज सांगायची, जमेल तितक्या गोड आवाजात. मुंगी मान हलवायची आणि वाळलेले कपडे कपाटात न ठेवता आपल्या पिशवीत घडी करून ठेवायची.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि नवऱ्याची लिफ्ट कुठल्याशा मजल्यावर अडकली होती, त्यामुळे मुंगीला, तिच्या त्या पिशवीसकट, स्टुडिओत आणावं लागलं. दत्तक मुलीला असला सिनेमा दाखवायचा म्हणजे जरा अतीच, म्हणून बाळताईने दिग्दर्शकाला विचारलं की आज काही सौम्य प्रसंग आहेत का. तो दाढीवाला पोरगा मन लावून यादी बघून म्हणाला की आज फक्त खून आहेत. मग तिने मुंगीला बाहेरच्या बाकावर बसवलं. पण तिथे एसीचं पाणी नेमकं डोक्यावर गळत होतं, म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांनी तिला आत नेलं आणि काचेपलीकडे आपल्या शेजारी बिस्किटांचा पुडा देऊन बसवलं.

बाळताईने सैतान काढला. गळा घट्ट आवळून, दात न उघडता, ती पडद्यावरच्या पोरीच्या ओठांबरोबर म्हणाली की तुम्ही मला आणलंत, आता मी जायची नाही. काकांच्या हातावर काटा आला. मुंगी बिस्किट खात होती. थोड्या वेळाने तिने काकांना विचारलं की एवढी मोठी सुरी ही एका हाताने कशी उचलते. मग म्हणाली, आईबाप दोघांनाही मारून टाकलं तर हिला जेवायला कोण घालणार, ही पोरगी मूर्ख आहे. काकांनी हे हसत हसत बाळताईला सांगितलं, तेव्हा तिला भरून आलं. या मुलीला मतं आहेत हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात सिनेमातल्या आईचा आवाज करणाऱ्या बाईंचा फोन आला, म्हणजे खरं तर त्यांच्या सुनेचा, कारण बाईंचा घसा पार बसला होता. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला आणि मग बाळताईकडे बघितलं. तिला त्यात काय अवघड? घोटभर कोमट पाणी पिऊन ती पुन्हा उभी राहिली. "ये बाळा, आईजवळ ये. आपण सगळं नीट करू हं." एका दमात, ओठांना ओठ जुळले. दिग्दर्शकाने तिला हात जोडले. तिने कौतुकाच्या अपेक्षेने काचेकडे बघितलं, तर मुंगीची खुर्ची रिकामी होती.

मुंगी जिन्यापाशी सापडली. पायात बूट, खांद्याला पिशवी, चेहरा पांढराफटक. बाळताईने वाकून विचारलं, काय झालं पिल्लू, त्या मुलीची भीती वाटली का?

"तिची नाही," मुंगी म्हणाली. "तुम्ही आत्ता बोललात ना, घरी बोलता तसं. आधीच्या काकूपण असंच बोलायच्या. कधीच ओरडल्या नाहीत. मला परत सोडायला आल्या तेव्हा गाडीतसुद्धा असंच गोड बोलत होत्या."

बाळताईला वाटलं, जिना पायाखालून सरकला. म्हणजे इतके महिने ती पोरीला रोज सकाळ-संध्याकाळ घाबरवत होती, तेही माया ओतून. कागदावर आई असं लिहिलेलं दिसलं की तिचा आवाज आपोआप वर चढायचा आणि ओठ फाकायचे, इतकी वर्षं तेच केलेलं. घरी खरी मुलगी आली तेव्हा तिने तीच साबणाची आई बाहेर काढली. तिची तिलाच लाज वाटली. आता तरी आपल्या आवाजात बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि आतून खोकल्याचं औषध निघालं. तिने तोंड मिटलं. आपला आवाज कोणता, हेच तिला आठवेना.

दार उघडून दिग्दर्शक बाहेर आला. स्टुडिओचं भाडं चढतंय, भावना घरी जाऊन करा, मला आई हवीय आई, असं तो म्हणायला लागला.

"ए, गप रे," बाळताई म्हणाली. "मी माझ्या मुलीशी बोलतेय, दिसत नाही? भाडं घाल चुलीत."

हा आवाज जाडाभरडा होता, मध्येच फाटणारा, खास नवऱ्यासाठी आणि जिन्यासाठी राखलेला. दिग्दर्शक आत गेला आणि त्याने दार हळूच लावून घेतलं. मुंगी आता मान वर करून बघत होती. बाळताईने तो आवाज हातचा जाऊ दिला नाही. ती पायरीवर बसली, गुडघ्याला शिवी दिली आणि म्हणाली, "पिशवी खाली ठेव."

मुंगीने ठेवली नाही. ती विचार करत होती. "मी त्या मुलीसारखी निघाले तर?"

"म्हणजे कशी?"

"मांजर मारलं तर?"

"कान उपटीन. आठवडाभर बोलणार नाही. जेवायला मात्र वाढीन."

"आणि तुम्हाला मारलं तर?"

"मग तुझं तू रांधून खा. घर तुझंच आहे, गॅस बंद करायला विसरू नकोस."

मुंगीने पिशवी खाली ठेवली. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. इथे फरशी घाण आहे, बूट राहू दे, असं बाळताई खेकसली. मला पाय गरम होतात, असं म्हणून मुंगीने ते काढलेच आणि मोजे काळे करत आत गेली.

बाळताई पुन्हा माइकसमोर उभी राहिली आणि सिनेमातल्या आईचा तोच प्रसंग जाड्याभरड्या आवाजात म्हणून मोकळी झाली. ये इकडे, आईजवळ ये. दिग्दर्शक कळवळून म्हणाला की ताई, आता सैतान घाबरल्यासारखा वाटतोय. घाबरू दे, असं ती म्हणाली.

काचेपलीकडून आत काही सांगायचं तर काकांच्या समोरचं बटण दाबावं लागतं. ते कुणीतरी दाबलं आणि बाळताईच्या हेडफोनमध्ये खरखर झाली.

"तुझा आवाज फार घाण आहे," मुंगी म्हणाली.

बाळताईला काही क्षण पडद्यावरचं काही दिसेना. तिने पदराने डोळे पुसले, खाकरली आणि ओरडली की त्या बटणाला पुन्हा हात लावलास तर बघ.

मुंगीने लगेच हात लावला.