उजव्या हाताची सुरी

“कानस चालवतोयस का डुकराची पाठ खाजवतोयस?” पायरीवर बसत सेमीने विचारलं.

“तुझीच खाजवणार होतो, पण तुला चटक लागेल,” आपोरोसा मान वर न करता म्हणाला.

सेमी त्याचा आतेभाऊ. साठ वर्षांत दोघं एकमेकांशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते, आणि आता सेमी गोड बोलू लागला असता तर आपलं काही खरं नाही, असंच आपोरोसाने धरलं असतं. तुटक्या कोयत्याचा टोकाकडचा तुकडा त्याने ओंडक्यावर खिळ्यांत अडकवला होता आणि डाव्या हाताने तो त्याची गंजकी कड घासत होता. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

आठ महिन्यांपूर्वी नारळीच्या बागेत त्याला अर्धांगाचा झटका आला. तो कोसळला आणि हातातला कोयता दगडावर आपटून मधोमध तुटला. पाय दोन महिन्यांत ताळ्यावर आले. हात काही आला नाही. चाळीस वर्षं त्याच हाताने त्याने खोबरं काढलं होतं. आता मुलगी लितिआना शनिवारच्या बोटीने त्याला बेटावरून सुवा शहरात न्यायला येणार होती. तिच्याकडे टीव्ही होता, गॅलरी होती, आणि करण्यासारखं काहीही नव्हतं. त्याने निरोप धाडला होता: ‘ये, पण तू येईपर्यंत मी एक पोतं खोबरं काढलेलं असलं, तर एकटीच परत जायचं.’

“डाव्या हाताला दुकानातली सुरी आणायची की,” सेमी म्हणाला.

“त्या पत्र्याने तुझं नाकसुद्धा कापलं जायचं नाही. आणि ते कापायला काय लागतं?”

गंज उतरायला दोन दिवस गेले. बुधवारी करवंट्यांचा विस्तव केला. सेमीने चिमट्यात पातं धरलं, आपोरोसाने डाव्या हाताने हातोडा घातला आणि लालभडक पात्याला नारळाच्या वाटीत शिरेल असा बाक दिला. मग ते खोबरेल तेलात बुडवलं. भपकन धूर झाला.

“तेल तापलंच आहे तर कसावाचे कंद तळून घेऊ या का?” सेमीने विचारलं.

“तुझं पोट आहे का भट्टी?”

ठिसूळपणा जावा म्हणून पातं वाळक्या गवताच्या रंगावर येईपर्यंत पुन्हा शेकलं. गुरुवारी पेरूच्या लाकडाची मूठ बसली आणि तांब्याच्या तारेचे तीन खिळे ठोकले. सुरी अशी देखणी झाली की सेमीलाही खोड काढायला जागा सापडेना.

शुक्रवारी सकाळी सेमीने कुऱ्हाडीने नारळ फोडून ढीग घातला. आपोरोसाने वाटी गुडघ्यांत धरली, सुरी घातली आणि फिरवली. सुरी घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. खोबऱ्याचे चुरे पडत होते, वाटी काही सुटत नव्हती. दहाव्या नारळाला त्याने सुरी डोळ्यांसमोर धरली आणि उलटसुलट फिरवून पाहिली.

“सेमी, बाक उलटा आहे रे. धारसुद्धा. ही उजव्या हाताची झाली.”

हात बदलला होता; सवय तीच राहिली होती. इतके दिवस तो मेलेल्या हातासाठीच घाम गाळत होता. सेमी काहीच बोलला नाही, आणि आपोरोसाला त्याचीच जास्त धास्ती वाटली. शेवटी सेमीने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मात्र त्याला रडू फुटलं.

शनिवारी दुपारी लितिआना आली. बाबांचं गाठोडं बांधून तयार होतं, पोतं रिकामं होतं. तिने एकदा पोत्याकडे पाहिलं आणि ती ओंडक्यावर टेकली. शेजारी सुरी पडली होती.

“ही कोणाची?”

“माझी नाही,” आपोरोसा म्हणाला.

तिने उगाच एक नारळ ओढला. लहानपणी याच अंगणात तिने ढीगच्या ढीग उपसले होते. सुरी कडेने आत शिरली, एक वळसा, आणि अख्खी वाटी हातात आली. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला.

“बाबा, डाव्या हाताने केलीस ही?”

“चुकली ती.”

“चुकली? लोण्यासारखी चालतेय!”

आपोरोसा तिच्या मनगटाकडे बघत राहिला. मग उठला, घराखालून कोयत्याचा मुठीकडचा तुकडा काढून आणला, तिच्या हातातली सुरी घेऊन त्यावर पालथी ठेवली आणि कोळशाने भोवती रेघ ओढली. बाक आता दुसरीकडे वळला.

“दुसरीला किती दिवस लागतील?” लितिआनाने विचारलं.

“चार. सेमी बडबडला नाही तर तीन.”

“मग चारच धर!” सेमी ओरडला. कालपासून कोंडलेला त्याचा आवाज एकदम मोकळा झाला.

तिने गाठोडं उचलून परत पायरीवर ठेवलं. “पुढच्या शनिवारी बोट आहेच. तोवर मीही इथेच राहते. पण पोतं तू भरायचं, बाबा. मी काढलेलं त्यात धरायचं नाही.”

“नाही धरणार. आणि नाही भरलं, तर मुकाट्याने येईन.”

तिने सुरी परत घेतली आणि आणखी एक नारळ ओढला. धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. आपोरोसाने तुकडा ओंडक्यावर ठेवला. तो खिळ्यांत नीट बसेना, हलत होता. तेव्हा त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला, पात्यावर ठेवला आणि कानस घेतली. दाबून धरण्यापुरता तो हात अजून कामाचा होता.