विमानातूनच परत

रविवारी पहाटे गुंडोराव खाटेच्या कडेला बसले आणि वसुमतीबाईंनी त्यांच्या हातांवर शर्टाच्या बाह्या चढवल्या. आधी डावा हात, मग उजवा. लहान पोराला घालतात तसा. गेल्या थंडीपासून हा क्रम ठरून गेला होता. डावा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. अर्ध्यावर आला की आत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं आणि हात आपसूक खाली यायचा.

“आज तरी सांगा क्लबातल्यांना,” बटणं लावता लावता वसुमतीबाई म्हणाल्या.

“काय सांगू?”

“की शर्ट घालायला बायको लागते आणि निघालेत विमानातून उडी मारायला.”

“आज ती पुण्याची पोरगी पास झाली की संपलं माझं. ही एक उडी. शेवटची. मग तू म्हणशील तिथं बसतो.”

“मी म्हणते तिथं तुम्ही कधी बसलात?” बाईंनी शेवटचं बटण लावलं आणि कॉफी ठेवायला आत गेल्या.

गुंडोराव पलटणीत होते तेव्हा त्यांनी हुकमावर उड्या मारल्या. निवृत्त होऊन शहराच्या दक्षिणेला, बनशंकरीत घर केलं, तर शहराच्या उत्तरेला हौशी लोकांचा एक क्लब होता, पॅराशूटनं उड्या मारणाऱ्यांचा. त्यांनी शिकवायला बोलावलं. तेव्हापासून रविवार म्हणून काही घरी उरला नाही. पहाटेची पहिली बस, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर उतरून दुसरी, मग धुळीचा रस्ता पायी. वारा चढायच्या आत पहिलं विमान वर जायला हवं. नवशिके यायचे ते कॉलेजातले, बँकेतले, आणि अलीकडे कंप्युटरच्या ऑफिसांतले. येताना हसत यायचे, विमानात बसले की गप्प व्हायचे. त्या एकेकाला दारात बसवायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि “जा” म्हणायचं, हे गुंडोरावांचं काम.

त्या “जा”नंच ते दमले होते. उडीनं नव्हे. “जा” म्हटल्यापासून खाली छत्री उघडलेली दिसेपर्यंत जो क्षण जातो, तो दर खेपेला थोडा थोडा त्यांच्या अंगात राहून गेला होता. आता अंगात जागा उरली नव्हती.

दुसरा कुणी बघा, असं ते क्लबाला कधीचं सांगत होते. क्लबात सगळे त्यांना अण्णा म्हणत. क्लब म्हणे, अण्णा, तुम्हीच तयार करा. आणि तयार करायची रीतही अण्णांनीच पाडलेली. ज्याला शिकवणारा व्हायचं आहे, त्यानं अण्णांना नवशिका समजायचं. खाली तपासायचं, वर न्यायचं, दारातून सोडायचं. अण्णा नवशिक्याचं सोंग घ्यायचे आणि त्या सोंगात एखादी चूक लपवून ठेवायचे.

आधी परीक्षेला बसला तो अवधूत, मुंबईचा. दोनशेच्या वर उड्या. खाली चुन्यानं काढलेल्या वर्तुळात मधोमध येऊन उभा राहायचा, बघणारे टाळ्या वाजवायचे. त्याच्या परीक्षेला अण्णांनी छातीवरचा पट्टा नुसता अडकवला होता, ओढून बसवला नव्हता. अवधूतनं तपासलं, अंगठा वर केला. विमानाच्या पायरीशी अण्णा थांबले.

“पट्टा दिसला होता का रे?”

“दिसला होता, अण्णा.”

“मग?”

“तुमच्या पट्ट्याला मी काय हात लावणार? मला वाटलं, तुमचं काहीतरी कारण असेल.”

“आणि उद्या एखादे रिटायर्ड जज्जसाहेब आले, तुझ्या बापाच्या वयाचे, तर त्यांनाही नमस्कार करून बाहेर सोडशील?”

अवधूत नापास झाला. महिनाभर फुगून बसला, मग परत यायला लागला.

पुण्याच्या सुखदाच्या उड्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या. वर्तुळात ती क्वचितच उतरायची. एकदा तर शेजारच्या नाचणीच्या शेतात गेली आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाऊन आली. पण मागे एक नवशिका शेडमध्ये मोठमोठ्यानं विनोद सांगत होता, तेव्हा ती त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. थोड्या वेळानं अण्णांकडे येऊन हळूच म्हणाली, “अण्णा, ह्याला आज नको. हसतोय खूप, पण त्याचा पाय बघा.” पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा थरथरत होता. त्या दिवशी अण्णांनी तिला हेरलं.

आज अण्णा मैदानावर पोचले तेव्हा धुकं उठत होतं. वैमानिक कृष्णमूर्ती विमानाच्या चाकाला लाथ मारून बघत होता. शेडपाशी तीन नवशिके अवधूतकडून पट्टे चढवून घेत होते. अण्णांची फेरी झाली की त्यांचा नंबर.

“आजोबा,” सुखदा अण्णांसमोर येऊन उभी राहिली, “पहिलीच वेळ का?”

अवधूत हसला. अण्णांनी भोळा चेहरा केला. “हो ताई. मुलगा म्हणाला, जा. म्हणून आलो.”

“मुलाला का नाही पाठवलंत मग?”

“तो घाबरतो.”

“बरं. सरळ उभे राहा.” तिनं डोक्यापासून सुरुवात केली. हेल्मेट, खांद्याचे पट्टे, छाती, मांड्या. उजव्या मांडीच्या पट्ट्याला पीळ होता. तोच त्यांनी लपवलेला. ती गुडघ्यावर बसली, पट्टा सोडला, सरळ केला, पुन्हा असा आवळला की अण्णा विव्हळले.

“दुखतं का?”

“जरा.”

“जरा दुखलं पाहिजे. आता दोन्ही हात वर.”

इथं अण्णांनी लबाडी केली. उजवा हात ताठ वर नेला, अंग डावीकडे झुकवलं आणि डावं कोपर कानाशी आणल्यासारखं केलं. नेमकी त्याच वेळी कृष्णमूर्तीनं हाक मारली, वारा चढतोय म्हणून. सुखदानं मान वळवून हात हलवला. परत वळेपर्यंत अण्णांचे हात खाली आले होते. ती पुढच्या गोष्टीकडे गेली.

अण्णांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याचंच वाईटही वाटलं.

विमान लहान. उजवीकडचं दार काढलेलं. अण्णा वैमानिकाच्या शेजारी खाली पाठ टेकून बसले, सुखदा दाराशी गुडघ्यांवर. नवशिक्याच्या पॅराशूटची दोरी विमानाच्या तळाला अडकवलेली असते. माणूस बाहेर पडला की ती दोरीच छत्री ओढून उघडते. पण पुढचं ज्याचं त्यानं करायचं. दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, दोऱ्या ओढायच्या, छत्री वळवायची. नाही वळवली तर वारा नेईल तिकडे जायचं, आणि ह्या मैदानाच्या एका अंगाला दगडाची खाण होती, दुसऱ्या अंगाला विजेच्या तारा. अण्णांना हे ठाऊक होतं. एका हातानं निभेल, असं त्यांनी घरीच ठरवलं होतं. इतकी वर्षं गेली, एक उडी निभणार नाही? कुणी “आता बास” म्हणायच्या आत आपणच शेवटची मारून मोकळं व्हायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

विमान वर आलं. सुखदानं दोरीची कडी ओढून पाहिली, अण्णांनाही ओढून पाहायला लावली. ती खाली मैदानाकडे एकदाच बघायची आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे तीनदा. बरोबर, अण्णांच्या मनात आलं. अगदी बरोबर.

कृष्णमूर्तीनं इंजिन मंदावलं.

“पाय बाहेर!” सुखदा ओरडली.

अण्णांनी पाय बाहेर पायरीवर टाकले. वाऱ्यानं पायजमा फडफडला.

“दांडा धरा! डावा हात आधी!”

पंखाला खालून टेकू देणारा तो दांडा हातभर वर, हातभर पुढे. अण्णांनी डावा हात उचलला. वाऱ्यानं तो मागे रेटला. खिळा बसला. हात मांडीवर येऊन पडला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग उजवा हात पुढे केला, तर तो एका पंजानं अडवला.

सुखदाचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याशी आला. “अण्णा! सोंग आहे का खरं?”

सोंग म्हणावं तर ती आत ओढणार, कारण परीक्षेत तेच बरोबर उत्तर. खरं म्हणावं तरीही आत ओढणार. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि तिसरंच बोलले.

“परीक्षा संपली! तू पास! मी सांगतो ना, पास! आता सोड मला, माझा मी जातो.”

ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. “पास?”

“पास!”

“मग आता इथं माझं चालणार. पाय आत घ्या!”

“अगं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी—”

“माहितीये! पाय आत!” तिनं त्यांच्या छातीवरचा पट्टा मुठीत धरला. “कृष्णमूर्ती, खाली चला! उडी नाही!”

कृष्णमूर्तीनं मान वळवली. त्यानं सुखदाकडे पाहिलं नाही, अण्णांकडे पाहिलं. इतकी वर्षं ह्या विमानात वर जायचं की खाली हे अण्णाच सांगत आले होते. एक हात सुकाणूवर ठेवून तो थांबला. मैदान खालून सरकत चाललं होतं. सुखदाची मूठ सुटली नव्हती, पण तिच्या डोळ्यांत भीती दिसत होती. नवशिक्याची असते तसली नव्हे, नवशिक्याला बाहेर सोडणाऱ्याची. अण्णांनी ती भीती लगेच ओळखली. आरशात बघून ओळखीची झालेली.

त्यांनी पाय आत घेतले.

“ती सांगते तसं कर,” ते म्हणाले.

“सरी,” असा कानडीत होकार देऊन कृष्णमूर्तीनं विमान वळवलं.

सुखदानं त्यांना आत सरकवलं आणि स्वतः दाराच्या बाजूला बसली. मग तिनं दोरीची कडी सोडली.

“हात वर करायला सांगितले तेव्हाच दिसायला हवं होतं मला,” ती म्हणाली. “मी कृष्णमूर्तीकडे बघत होते.”

“हो. दिसायला हवं होतं.”

“पास रद्द करा हवं तर.”

“मीच रद्द झालो, तुझं काय रद्द करू?” अण्णांनी डोकं मागे टेकलं. “आता तू पुन्हा नाही बघणार दुसरीकडे. आज जे वाटलं ते विसरणार नाहीस.”

“तुम्ही खाली सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?”

“नाही.”

“मग झालं तर.”

विमान उतरलं तेव्हा शेडपाशी सगळे उभे होते. उडी न मारता विमानातूनच परत येणाऱ्याला टाळ्या वाजवायच्या आणि त्यानं सगळ्यांना इडली खिलवायची, अशी तिथली पद्धत. अण्णांना बसून परत येताना कुणीच पाहिलं नव्हतं. टाळी पडली नाही. मग अवधूत मोठ्यानं म्हणाला, “काय अण्णा, सोंग भारीच काढलंत या खेपेला! बिचारीचा रंग उडालाय बघा!”

सगळे हसले. सुखदानं हेल्मेट काढलं, ते काखेत धरलं आणि जमिनीकडे बघत राहिली. ती काही बोलणार नव्हती. अण्णांना ते दिसलं. हसण्यात सामील झालं की झालं. पुढच्या रविवारी काहीतरी कारण सांगता आलं असतं, त्याच्या पुढच्या रविवारी दुसरं.

“सोंग नव्हतं रे,” अण्णा म्हणाले. “हा हात वर जात नाही. थंडीपासून. लपवून आलो होतो. हिनं पट्टा धरून आत ओढलं.”

अवधूतचं हसू तोंडावरच राहिलं. तीन नवशिके एकमेकांकडे बघू लागले. त्यांतला चष्मेवाला, सगळ्यात आधी चढवलेले पट्टे घालून घामाघूम झालेला, घाबरत म्हणाला, “म्हणजे आज आमचं कॅन्सल का?”

“कॅन्सल कशाला? ही नेईल तुम्हाला.”

“अण्णा, आत्ताच?” सुखदा म्हणाली.

“वारा बघ. चढायला आहे ना अजून तासभर?”

तिनं वर पाहिलं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडे पाहिलं. “आहे.”

“मग कुणाची वाट बघतेस?”

ती चष्मेवाल्याकडे गेली. त्याला सरळ उभं केलं आणि हेल्मेटपासून सुरुवात केली. “दोन्ही हात वर,” ती म्हणाली, आणि या खेपेला कृष्णमूर्तीनं दोनदा हाका मारल्या तरी तिनं मान वळवली नाही.

अवधूतनं अण्णांच्या पाठीवरचं पॅराशूटचं ओझं उतरवलं. अण्णा शेडच्या सावलीच्या बाजूला गेले आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. खांदा ठणकत होता. शेवटची उडी व्हायची ती झालीच नव्हती, किंवा थंडीच्या आधीच कधीतरी होऊन गेली होती आणि त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. ती कशी होती, वारा कुठला होता, आठवून बघितलं. आठवेना. इतर रविवारांसारखाच एक रविवार.

विमान पुन्हा वर गेलं. आवाज लहान होत गेला, मैदानाला वळसा घालून परत डोक्यावर आला. मग इंजिन मंदावलं. म्हणजे दारात कुणीतरी बसलं होतं, आणि सुखदा त्याच्या डोळ्यांत बघत होती.

“अण्णा, बघा, छत्री उघडली!” अवधूत ओरडला.

अण्णांचे डोळे मिटले होते. तोंड थोडं उघडं होतं. अवधूत वाकून बघायला गेला तेव्हा ते घोरत होते.